अंगण खरंच वाकडं असेल तर?

एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा अवघड जाते असं कुणी बोलून दाखवलं, की येणारी उत्तरं जवळपास ठरलेली असतात. ‘डॉक्युमेंटेशन नीट वाचलंस का?’ ‘आम्हीही हीच भाषा शिकलो.’ ‘तुझी विचार करण्याची पद्धत बदलायला हवी.’ ‘ही भाषा सगळ्यांसाठी नाहीच मुळी.’ अलीकडे तर ‘स्किल इश्यू’, म्हणजे तुझंच कौशल्य कमी, म्हटलं की विषय संपतो. मराठीत याला तयार म्हण आहेच : नाचता येईना, अंगण वाकडं. म्हण झकास आहे, पण तिच्यात एक सोय दडलेली आहे. ती वापरणाऱ्याला अंगणाकडे पाहावंच लागत नाही.

माझं म्हणणं असं, की ‘ही भाषा अवघड जाते’ ही तक्रार आधी भाषेबद्दलची माहिती म्हणून ऐकावी. ती तपासून झाल्यावर मग वाटलं तर तक्रार करणाऱ्याबद्दल बोलावं. हा सौजन्याचा मुद्दा नाही. सौजन्य असलं तर उत्तमच. मुद्दा असा की उलट्या क्रमाने वागणारे लोक आपल्याच आवडत्या भाषेचं नुकसान करतात, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

पायथनपासून सुरुवात करतो, कारण ती ‘सोपी’ म्हणून नावाजलेली. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती आली. या भाषेत तिसऱ्या ओळीवर एक महिरपी कंस उघडला आणि बंद करायचा राहून गेला, की चूक दाखवली जायची ती पुढच्या कुठल्या तरी ओळीवर, समजा सातव्या. संदेश एवढाच : ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’. सातव्या ओळीत तर काहीच चुकलेलं नसायचं. नवा माणूस ती ओळ पुन्हा पुन्हा वाचणार, खोडून परत टाइप करणार, शेवटी स्वतःवरच शंका घेणार. जाणकाराला मात्र ठाऊक असे, की दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर वर सरकत कंस मोजत जायचे. हे ज्ञान संगणकशास्त्राच्या कुठल्याही तत्त्वातून निघत नाही. ते फक्त एकदा मार खाऊन मिळतं.

यातली गंमत अशी, की पायथनमध्ये कंसाच्या आत ओळ संपली तरी विधान संपत नाही, हा भाषेचाच नियम आहे. म्हणजे एखादा कंस अजून उघडा आहे याची नोंद आतमध्ये कुठेतरी ठेवली जात होतीच. वापरणाऱ्याला ती सांगितली जात नव्हती, इतकंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीने नेमक्या त्या उघड्या कंसाकडे बोट दाखवून ‘हा बंदच झालेला नाही’ असं सांगायला सुरुवात केली. मधल्या काळात तीस वर्षं गेली. त्याच्या आदल्या वर्षी भाषेला नवा पार्सर (लिहिलेल्या ओळींची रचना उलगडणारा भाग) मिळाला आणि एकूणच असे संदेश सुधारणं सुकर झालं, हे खरं. पण माझ्या मते तांत्रिक अडचण हे अर्धंच कारण. ज्यांच्या हातात दुरुस्ती होती त्यांना तो कंस टोचायचा थांबून जमाना झाला होता, आणि ज्यांना टोचत होता त्यांना ‘जरा लक्ष देऊन लिहा’ असं सांगितलं जात होतं.

रस्ट या भाषेची गोष्ट याहून बोलकी आहे. रस्टमध्ये मेमरीतल्या प्रत्येक मूल्याचा एक मालक असतो. इतरांनी ते उसनं घ्यायचं. बदल करण्याच्या हक्कासह एका वेळी एकालाच मिळतं, नुसतं वाचायला कितीही जणांना. हा हिशेब कंपायलरमधला, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनातला, ‘बॉरो चेकर’ ठेवतो. त्याच्या कडकपणामुळे चुकांचा एक अख्खा वर्ग प्रोग्राम चालण्याआधीच पकडला जातो, आणि हे या भाषेचं मोठं यश आहे. मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हापासून नवख्यांची तक्रार एकच : या बॉरो चेकरशी मारामारी फार करावी लागते. त्यावरचं नेहमीचं उत्तरही एकच : मारामारी करू नका, तो तुमच्या भल्याचंच सांगतोय, त्याच्यासारखा विचार करायला शिका.

प्रत्यक्षात काय होत असे ते जरा जवळून पाहू. एका व्हेक्टरमधल्या (म्हणजे वाढवता येणाऱ्या यादीतल्या) पहिल्या घटकाचा बदलता रेफरन्स घेतला, म्हणजे तो बदलायच्या हक्कासह उसना घेतला, त्यातून नवी किंमत भरली, त्या रेफरन्सचं काम संपलं. पुढच्या ओळीवर त्याच व्हेक्टरमध्ये आणखी एक घटक टाकला. वाचणाऱ्याला यात काही वावगं दिसत नाही, आणि वावगं नव्हतंच. पहिला रेफरन्स पुन्हा कुठे वापरलेलाच नाही. पण तेव्हाचा कंपायलर उसनवारीची मुदत शेवटच्या वापरापर्यंत न धरता तो ब्लॉक, म्हणजे महिरपी कंसांतला तो तुकडा, संपेपर्यंत धरायचा. त्यामुळे प्रोग्राम नामंजूर. तोडगा असा की त्या दोन ओळींभोवती महिरपी कंसांची एक जादा जोडी घालायची, म्हणजे ब्लॉक लवकर संपतो आणि उसनवारीही. हा तोडगा ज्याच्या हाताला बसला तो ‘रस्टमध्ये विचार करणारा’ झाला.

डिसेंबर २०१८ मध्ये रस्टची २०१८ एडिशन आली, तिच्यासोबत ‘नॉन-लेक्सिकल लाइफटाइम्स’ आले. आता उसनवारी शेवटच्या वापराशी संपते. तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, मंजूर होऊ लागला. साडेतीन वर्षं ज्यांना विचार बदलायला सांगितलं जात होतं, त्यांच्यातल्या असा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा विचार बरोबरच होता. बदलायला हवा होता तो कंपायलर.

आणि तो बदलला कुणी? ज्यांनी तक्रार तक्रारीसारखी ऐकली त्यांनीच. २०१६ मध्ये रस्टने चुकांचे संदेश नव्याने घडवले, आणि त्यात एल्म या छोट्या भाषेपासून प्रेरणा घेतल्याचं मोकळेपणाने सांगितलं. २०१७च्या आराखड्यात शिकण्याचा चढ कमी करणं हे घोषित उद्दिष्ट होतं. म्हणजे एकाच भाषेभोवती दोन वृत्ती एकाच वेळी नांदत होत्या. कंपायलर लिहिणारे म्हणत होते, लोक इथे अडखळतात, आपण काय करू शकतो? आणि त्या कंपायलरचे भक्त म्हणत होते, लोक अडखळतात कारण ते लोक तसलेच. भक्त नेहमी देवापेक्षा कडक असतात हा अनुभव इथेही येतो.

असं का होतं? दुष्टपणा हे कारण मला पटत नाही. प्रोग्रॅमिंगच्या जगात अनोळखी माणसाच्या चुका फुकटात शोधून देणारी माणसं इतकी आहेत, की दुसऱ्या कुठल्या व्यवसायात तेवढी सापडणार नाहीत. खरं कारण कष्टाच्या हिशेबात आहे. जी गोष्ट शिकताना माझ्या कित्येक रात्री गेल्या, ती विनाकारण अवघड होती असं मान्य केलं तर त्या रात्रींचं काय? त्यापेक्षा त्या अवघडपणात काहीतरी शुद्धीकरण होतं असं मानणं सुखाचं.

ही खोड जुनी आहे. फोर्ट्रान ही सुरुवातीच्या काळातली भाषा घडवणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन बॅकस यांनी १९५०च्या दशकातल्या प्रोग्रामरांबद्दल नंतर लिहिलं, की ते स्वतःला पुरोहितवर्ग समजू लागले होते. सामान्यांना झेपणार नाहीत अशा गूढ विद्यांचे राखणदार. त्यामुळे प्रोग्रॅमिंग सोपं करण्याची कल्पनाच त्यांना उद्धट वाटायची. १९५७ मध्ये फोर्ट्रान बाहेर पडली, आणि पुरोहितांचं काय व्हायचं ते झालं. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा तयार केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. त्यानंतर अकरा वर्षांनी नामवंत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी लिहिलं, की आधी बेसिक शिकलेल्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे. त्यांच्या बुद्धीला सुधारणेपलीकडची इजा झालेली असते. हे वाक्य आजही चवीने उद्धृत केलं जातं. त्याच डायक्स्ट्रांनी १९७२ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं होतं, की जाणता प्रोग्रामर स्वतःच्या कवटीची मर्यादा पुरती ओळखून असतो, म्हणून तो नम्रपणे काम करतो. हे दुसरं वाक्य मला कितीतरी मोलाचं वाटतं. पण टोमणा मारायला त्याचा उपयोग नाही, म्हणून ते कमी ऐकू येतं.

‘काहींना जमतं, काहींना जमतच नाही’ या समजुतीला मध्यंतरी विज्ञानाचा टिळाही लागला होता. मिडलसेक्स विद्यापीठातल्या दहनादी आणि बोर्नाट यांनी २००६ मध्ये एक निबंध फिरवला. त्यात दावा होता, की प्रोग्रॅमिंगचा एकही धडा होण्यापूर्वी घेतलेल्या साध्या चाचणीतून कुणाला जमेल आणि कुणाला नाही हे वेगळं काढता येतं. निबंध रीतसर प्रसिद्ध झाला नव्हता, तरी वणव्यासारखा पसरला; लोकांना तो हवाच होता. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला आणि अशी कुठलीही अभिक्षमता चाचणी आपल्याकडे नव्हती आणि नाही, हे स्पष्ट केलं. मागे घेतल्याची बातमी मूळ बातमीइतकी पसरली नाही, हे सांगायला नकोच.

पुढे २०१६ मध्ये पॅटिट्सस आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांच्या ७७८ निकालांची तपासणी केली. शिक्षकांची ठाम समजूत अशी असते, की या विषयात गुणांचे दोन उंचवटे दिसतात : एक जमणाऱ्यांचा, एक न जमणाऱ्यांचा. तपासणीत जेमतेम ५.८ टक्के निकालांत एकाहून अधिक उंचवट्यांची खूण मिळाली. मग त्यांनी ५३ प्राध्यापकांना संदिग्ध आलेख दाखवले. ज्यांचा ‘हे उपजतच असावं लागतं’ यावर विश्वास होता, त्यांना त्याच आलेखांत दोन उंचवटे दिसण्याची शक्यता जास्त निघाली. आधी विश्वास, मग दर्शन.

भाषेच्या बाजूनेही कुणी मोजमाप केलं आहे का? थोडं झालं आहे. स्टेफिक आणि सिबर्ट यांनी २०१३ मध्ये नवख्यांना वेगवेगळ्या भाषांत छोटे प्रोग्राम लिहायला दिले. त्या भाषांत एक मुद्दाम बनवलेली होती, जिचे कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) यदृच्छेने निवडले होते. पायथन, रूबी आणि क्वोरम या भाषांत लोकांची अचूकता त्या यादृच्छिक भाषेपेक्षा ठळकपणे जास्त होती. पर्ल आणि जावा यांच्यात नव्हती. क्वोरम ही स्टेफिक यांचीच भाषा आहे हे लक्षात ठेवून निष्कर्ष जरा जपून घ्यायला हरकत नाही. तरीही नवख्याला जावाचं लिखाण अगम्य वाटतं तेव्हा तो रडतोय असं म्हणण्याआधी एकदा थांबायला एवढं पुरे आहे.

हे सगळं नवशिक्यांपुरतं असतं तर प्रश्न इतका गंभीर नव्हता, शिकतील हळूहळू. पण अवघडपणा सरावाने नाहीसा होतोच असं नाही. कधीकधी तो फक्त दिसेनासा होतो. सी भाषेत ‘गेट्स’ नावाचं एक फंक्शन होतं. इनपुटमधून ओळ वाचायची आणि दिलेल्या जागेत भरायची, हे त्याचं काम. जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नव्हती. ओळ लांब आली तर ते पुढची मेमरी बिनदिक्कत खोडत जाई. म्हणजे इनपुट आपल्या ताब्यात नसेल तर जगातल्या सर्वोत्तम प्रोग्रामरलाही ते सुरक्षितपणे वापरता येणं शक्य नव्हतं. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम पसरला, त्याच्या वाटांपैकी एक याच फंक्शनमधून जात होती. सीच्या अधिकृत मानकातून ते काढून टाकलं गेलं २०११ साली. मधल्या तेवीस वर्षांत शिकणाऱ्यांना सांगितलं जाई ते ‘हे वापरू नका’. सल्ला योग्य होता, पण मग ते तिथे होतं कशाला, हा प्रश्न नवशिक्याच विचारू शकतो. अनुभवी माणूस तो विचारायचा कधीच थांबलेला असतो.

आणि ‘गेट्स’ तर सर्वांना माहीत असलेला खड्डा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्या सुरक्षा अपडेटमधून दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांच्या असतात. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमच्या चमूने २०२० मध्ये गंभीर सुरक्षा त्रुटींबद्दल जवळपास तोच आकडा दिला. हा कोड विद्यार्थ्यांनी लिहिलेला नाही. ज्यांना सी आणि सी++ ‘येते’ अशाच लोकांनी लिहिलेला आहे. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) झेपत नाहीत म्हणणाऱ्या पोराला हसणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. तो पोरगा निदान खरं बोलतोय.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सगळाच अवघडपणा भाषेचा दोष नसतो. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये केलेला भेद इथे कामाचा आहे : काही अडचणी प्रश्नाच्या गाभ्यातच असतात, काही आपल्या साधनांनी वर चढवलेल्या. दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन भाग, एकाच डेटाला हात लावतात तेव्हा कोण कधी लिहिणार याचा विचार कुणाला तरी करावाच लागतो. रस्ट तो आज करायला लावते. दुसरी एखादी भाषा तो रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर करायला लावते. दुसरीला ‘सोपी’ म्हणणं म्हणजे बिल उशिरा येतं म्हणून जेवण फुकट समजण्यासारखं. त्यामुळे तक्रार ऐकणं म्हणजे तक्रार मान्य करणं नव्हे. बॉरो चेकर काढून टाका अशी मागणी असेल तर उत्तर ‘नाही’ हेच, आणि का नाही याचं स्पष्टीकरण.

पण गाभ्यातलं काय आणि वर चढवलेलं काय, हे ओळखायचं कसं? भाषेत मुरलेल्यांना ते सांगता येत नाही. त्यांना सगळंच गाभ्यातलं वाटतं, कारण सगळंच अंगवळणी पडलेलं असतं. उसनवारी ही गाभ्यातली गोष्ट होती आणि ती ब्लॉकच्या शेवटापर्यंत मोजणं ही वर चढवलेली. दोन्ही एकाच संदेशाच्या मागे उभ्या होत्या. नवखा माणूस कुठे अडखळतो हे शंभर वेळा पाहिल्याशिवाय त्या वेगळ्या होत नाहीत. म्हणून त्याचं अडखळणं हा दुर्मीळ माल आहे. प्रत्येक माणूस एखाद्या भाषेत एकदाच नवा असतो, आणि आपण त्या काळातल्या त्याच्या नोंदी त्याच्याच तोंडावर फेकतो.

हॅस्केल या भाषेकडे पाहिलं की प्रश्न नुसत्या उद्धटपणाचा नाही हेही कळतं. हॅस्केलची मंडळी सहसा सभ्य. विचारलेल्या प्रश्नाला लांबलचक, मनापासून उत्तरं देतात. फक्त फाइल वाचून तिच्या ओळी मोजायच्या कशा, असा प्रश्न असतो आणि उत्तर तिसऱ्या परिच्छेदात कॅटेगरी थिअरी या अमूर्त गणितात शिरतं. मोनॅड ही हॅस्केलमधली अवघड समजली जाणारी संकल्पना समजावून सांगणारे लेख इतके झाले, की ब्रेंट यॉर्गी यांना २००९ मध्ये त्यामागची चूकच लिहून दाखवावी लागली. माणूस बराच काळ उदाहरणांशी झटापट करतो, एक दिवस गोष्ट उमगते, त्या क्षणी मनात जी उपमा असते तीच किल्ली होती असं त्याला वाटतं, आणि तो ती उपमा वाटत सुटतो. झटापट मात्र सांगायची राहून जाते. हे सगळं सद्भावनेने होतं. ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. ‘अरे, खूप सोपं आहे हे!’ म्हणणाऱ्यांनाही मी याच रांगेत उभं करीन. ज्याला जमत नाहीये त्याला धीर देण्याच्या नादात ते सांगतात, की तुला सोपंही जमत नाही.

तक्रार करणाऱ्याकडेही थोडं मागणं आहे. ‘ही भाषा भंगार आहे’ यातून कुणाला काही दुरुस्त करता येत नाही. मी काय लिहिलं, काय व्हावं असं वाटलं, झालं काय, एवढं तरी सांगावं. ते सांगितलेलं असेल, तर मग समोरच्याला ‘डॉक्युमेंटेशन वाच’ म्हणून सुटका नाही. कुठलं पान, आणि ते पान त्या माणसाला सापडलं का नाही, हे त्याने पाहावं.

हे जमू शकतं, कारण काही ठिकाणी जमलं आहे. रॅकेट या भाषेत नवशिक्यांसाठी मुद्दाम आखडून घेतलेल्या पायरीपायरीच्या भाषा आहेत; पहिल्या पायरीवर जे शिकवलेलंच नाही ते चुकून लिहिलं तर कंपायलर त्या पायरीला समजेल असं बोलतो. इतकं करूनही त्यांच्यातल्याच संशोधकांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांना बसवून विचारलं, तेव्हा संदेशांतल्या नेहमीच्या संज्ञा पुष्कळांना नीट कळतच नाहीत असं निघालं. त्यांनी तो विद्यार्थ्यांचा आळस न मानता संदेशांचा शब्दसंग्रह तपासायला घेतला. रस्टच्या कंपायलरमध्येही गोंधळात टाकणारा संदेश हा बग म्हणून नोंदवता येतो, तिथे त्यासाठी वेगळं लेबलच आहे. चूक वापरणाऱ्याचीच असली तरी ती त्याला कळली नाही, ही कंपायलरची चूक धरली जाते.

रस्टमध्ये अजून एक जागा उरली आहे. प्रोग्राम चालवण्याआधी त्याची तपासणी करणारं कुठलंही साधन, सगळ्या चुका पकडायच्या म्हटल्या की, काही निर्दोष प्रोग्रामही नाकारणारच. हे गणितानेच ठरलेलं आहे. बॉरो चेकर याला अपवाद नाही. त्याने नाकारलेला प्रोग्राम कधी खरोखर धोकादायक असतो, तर कधी फक्त त्याला सिद्ध न करता आलेला. पडद्यावर या दोहोंचा लाल रंग सारखाच. यातलं दुसरं घडलं असण्याची शक्यता दिसत असेल, तर ‘तुमचं कदाचित बरोबर असेल, मला खात्री पटवता आली नाही’ असं त्या संदेशातच लिहायला काय हरकत आहे?